हवा कुठवर पोचते : आखाजीच्या सुट्टीचे पाच दिवस

दिवस पहिला : नागपूर ते भुसावळ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायचं म्हणून महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट महिनाभर आधी काढून ठेवलं होतं. पिशवीत आईसाठी संत्र्याची बर्फी, चार गॅस मोजणारा मीटर, कार्बन डायऑक्साइडचा एक वेगळा छोटा मीटर, हवेचा वेग मोजायचा ॲनिमोमीटर आणि घडी घालून ठेवलेला एक आलेख. मीटर सुट्टीत कशाला, असं बायकोने विचारलं. आप्पांच्या, म्हणजे काकांच्या विहिरीचा गाळ काढायचाय म्हटल्यावर तिने स्वतःच ते पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवले.

आलेख मात्र माझ्या कामाचा. नागपूरजवळच्या एका कोळसाखाणीत हवा खेळती ठेवण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. जमिनीखाली हजारो फूट गल्ल्या, त्यातून वरच्या मोठ्या पंख्याच्या ओढीने वाहणारी हवा. ताजी हवा ज्या वाटेने आत येते ती इनटेक, आणि वापरलेली हवा ज्या वाटेने बाहेर पडते ती रिटर्न. मधल्या जोडगल्ल्या भिंती घालून बंद करतात, म्हणजे हवा आडवाटेने न जाता फेसपर्यंत, जिथे माणसं काम करतात तिथपर्यंत जाते. या भिंतींना आम्ही स्टॉपिंग म्हणतो. पंखा किती हवा ओढतो हे ॲनिमोमीटर सांगतो. पण ती हवा कुठून कुठे गेली, वाटेत किती गळली, हे तो सांगत नाही.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. दर माणसामागे मिनिटाला किमान 6 घनमीटर, किंवा रोजच्या दर टनामागे अडीच घनमीटर, यातलं जे जास्त असेल तेवढी हवा हवी, आणि ती पंख्यापाशी नव्हे, तर त्या भागातल्या शेवटच्या खेळत्या जोडगल्लीतून गेली पाहिजे. मला या नियमातला ‘शेवटच्या’ हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो.

मग हवेला खूण लावायची. त्यासाठी वापरतात सल्फर हेक्झाफ्लोराइड. रंग नाही, वास नाही, पेट घेत नाही, विषारी नाही, कोळशातून आपोआप निघत नाही. बाहेरच्या हवेत तो लाख कोटी भागांत जेमतेम दहा-बारा भाग असतो, त्यामुळे चिमूटभर सोडला तरी उठून दिसतो. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने खाणीतल्या हवेचा माग काढायला तो कसा वापरायचा याचा अहवाल 1974 साली काढला. इतका विरळ वायू मोजता येतो तो इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टरमुळे. जेम्स लव्हलॉक यांनी तो 1957 साली तयार केला.

हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाइतका साधा आहे. मिनिटाला 200 मिलिलिटर वायू एकसारखा सोडत राहिलो आणि पुढे हवेत तो अब्जात 50 भाग सापडला, तर तिथून मिनिटाला 4,000 घनमीटर हवा वाहते. ज्या रुंद, वेड्यावाकड्या गल्लीत ॲनिमोमीटरचं पातं हलतसुद्धा नाही, तिथेही हा हिशेब चालतो. दुसरी पद्धत म्हणजे ठरलेला वायू एकदम सोडायचा आणि पुढे बसून तो कधी येतो, किती येतो, कधी संपतो ते पाहायचं.

गेल्या आठवड्यात आम्ही हीच दुसरी पद्धत वापरली. इनटेकमध्ये, हवा जोरात घुसळते अशा जागी माझ्या सहकाऱ्याने छोट्या सिलिंडरमधला वायू सोडला. जागा महत्त्वाची. हा वायू हवेच्या पाचपट जड. निवांत जागी सोडला तर जमिनीला चिकटतो, एकदा हवेत नीट मिसळला की मग खाली बसत नाही. मी रिटर्नमध्ये बसलो होतो. समोर सत्तर काचेच्या कुप्या, बोटाएवढ्या, आतली हवा काढलेल्या, तोंडाला रबरी बूच. घड्याळ पाहायचं, दुतोंडी सुई बुचात खुपसायची. बारीक ‘स्स’ ऐकू येतं, तेवढ्यात कुपी गल्लीतली हवा पिऊन घेते. सुई काढायची, वेळ लिहायची, पुढची कुपी. पहिली दहा मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला, मग मिनिटाला, शेवटी दर दोन मिनिटांना. टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात घाम पुसायलाही उसंत नव्हती.

प्रयोगशाळेतून आलेला तो आलेख अपर बर्थवर पसरून बसलो. सहाव्या मिनिटाला एक छोटा उंचवटा. पंधराव्या मिनिटाला मोठं शिखर. मोठं शिखर म्हणजे फेसला जाऊन आलेली हवा. छोटा उंचवटा म्हणजे वाटेतल्या एखाद्या फुटक्या स्टॉपिंगमधून परस्पर रिटर्नला गेलेली हवा, कामगारांना न भेटता आलेली. हे दोन्ही मला अपेक्षित होतं. कोडं होतं ते शेपटीचं. शिखर उतरल्यावर रेघ शून्यावर यायला हवी होती, ती आलीच नाही. दीड तास उलटला तरी शेवटच्या कुपीत वायू होताच, थोडा पण नक्की.

वरणगाव मागे पडलं तेव्हा दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसली. त्यांचा धूर वर सरळ जाऊन मग एका उंचीवर आडवा पसरला होता. विजेच्या उपकेंद्रांत मोठमोठ्या ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला भरतात तो वायू आणि माझ्या सिलिंडरमधला वायू एकच. फरक इतकाच की तिथे तो बंद टाकीत राहतो आणि मी हवेत सोडतो. हरितगृह वायू म्हणून तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा तेवीस हजार पटींहून जास्त जहाल आहे. म्हणून मी ग्रॅम मोजून सोडतो, आणि साध्या उदबत्तीने काम भागत असेल तर सिलिंडरला हात लावत नाही.

दिवस दुसरा : सावदा

भुसावळला मावसभाऊ घ्यायला आला होता. रात्र सावद्याला, मावशीच्या घरी. सकाळी दोन्ही बाजूंना केळीच केळी. वाऱ्याने फाटू नये म्हणून बांधाला लावलेले गवताचे आडोसे, घडांवर चढवलेल्या पिशव्या. त्याने दोन वर्षांपूर्वी केळी पिकवायच्या खोल्या बांधल्या. कार्बाइडला बंदी आहे आणि ती योग्यच. तो इथिलीन वापरतो, दहा लाखांत 100 भागांपर्यंत, खोलीचं तापमान 16 ते 18 अंश. केळी पिकताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो साठला तर पिकणं अडतं, म्हणून खोली अधूनमधून उघडून हवा बदलावी लागते.

“दादा, पंखा नवा घेतला, तरी मागच्या कोपऱ्यातला माल हिरवाच राहतो. एका गाडीत दोन रंग गेले की व्यापारी भाव पाडतो,” तो म्हणाला. नुकसान खरंच मोठं होतं.

आत जाण्याआधी ऑक्सिजन पाहिला. पिकवणीच्या बंद खोलीत तसंच शिरू नये, हे त्याच्या मुलांनाही बजावलं. मग क्रेटच्या रांगांमधून हिंडलो आणि खोलीभर माग काढलेलाच आहे हे दिसलं! मधल्या रांगा एकसारख्या पिवळ्या. भिंतीकडे जाताना पिवळ्यात हिरवी झाक. अगदी मागच्या कोपऱ्यात, खालच्या तीन क्रेटमध्ये, देठापासून टोकापर्यंत हिरवी केळी. इथिलीन कुठवर पोचलं याचा नकाशा फळांनीच काढून ठेवला होता.

तरी मोजून पाहिलं. बाहेर काढणारा पंखा सुरू केला, दार उघडलं आणि कार्बन डायऑक्साइड निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते बघितलं. खोलीच्या मध्यात सहा मिनिटं. मागच्या कोपऱ्यात पंचवीस. पंख्यात काही खोट नव्हती. कोपऱ्यातले क्रेट भिंतीला टेकवून रचले होते, हवेला मागे जायला फटच नव्हती. मधली सोपी वाट मोकळी, मग ती तिकडूनच जाणार. भिंतीपासून वीतभर जागा सोडायची आणि मधल्या बोळाला वरून ताडपत्री घालायची, एवढं ठरलं. खाणीत आम्ही ब्रॅटिसचा, म्हणजे हवा वळवायचा, पडदा लावतो तो याचसाठी.

मध्यात सहा मिनिटं आणि कोपऱ्यात पंचवीस, हे आकडे वहीत लिहिले तेव्हा शेपटीची आठवण झाली. पण धागा जुळला नाही.

गोदामात त्याचा एक जुना ब्लोअर पडला होता, बारा इंची तोंडाचा, सोबत पंचवीस-पंचवीस फुटांच्या दोन कापडी नळ्या. तो आप्पांच्या विहिरीसाठी मागून घेतला.

दिवस तिसरा : आखाजी

पहाटे केळीच्या पिकअपमध्ये ब्लोअर टाकून यावल, अडावद, चोपडा करत तापी ओलांडली. वाटेत अडावदपाशी उनपदेवच्या गरम झऱ्याचा फाटा लागला, थांबलो नाही. अमळनेरच्या अलीकडे, बोरीच्या अंगाला आमचं गाव. झाडाला झोके बांधलेले, माहेरवाशिणी आलेल्या. घागर भरून पितरांना निवेद झाला. आईने आणि काकूने खापरावर हातभर रुंदीच्या पुरणपोळ्या केल्या, सोबत आमरस आणि सांजोऱ्या. दुपारी 44 अंश. त्या दिवशी दुसरं काही केलं नाही.

दिवस चौथा : विहीर

विहीर वीस फूट रुंद, साठ फूट खोल, तळाला दोन-तीन फूट गाळ. गाळ काढणारी चार माणसं यारी, म्हणजे गाळ वर ओढायचं यंत्र, घेऊन सकाळी सातलाच आली होती. त्यांचा म्होरक्या माझ्याच वयाचा. आप्पांनी नेहमीप्रमाणे कंदील सोडायला घेतला.

“दिवा जयस ना, मंग काय से?” आप्पा म्हणाले. दिवा जळतोय, मग काय हरकत?

मी दोरीला दोन्ही मीटर बांधून सोडले. काठाशी ऑक्सिजन 20.9 टक्के. वीस फुटांवर 20.3. चाळीस फुटांवर 19. तळाशी 17.6, आणि कार्बन डायऑक्साइड 2.8 टक्के. मीटरचा भोंगा खालून ओरडत होता आणि त्याच्या शेजारी आप्पांचा कंदील जळत होता. म्होरक्या वाकून कधी मीटरकडे, कधी कंदिलाकडे पाहत राहिला.

ज्योत विझते ती ऑक्सिजन साधारण 16 टक्क्यांवर आल्यावर. कोळसाखाणीत 19 टक्क्यांखाली आम्ही माणूस ठेवत नाही, आणि कार्बन डायऑक्साइड अर्धा टक्का ही मर्यादा. इथे तो साडेपाच पट होता. अशा हवेत श्वास वाढतो, डोकं जड होतं, माणूस थकलो समजून तिथेच बसतो. गाळात फावडं घातलं की कुजलेल्या चिखलात अडकलेला वायू आणखी वर येतो. आणि इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड असेल तर कंदील काहीच सांगत नाही, शेवटपर्यंत नीट जळतो.

हे शेवटचं मी पुस्तकात वाचण्याआधी पाहिलं होतं. दहावीत असताना गावातल्या एका विहिरीत डिझेल इंजिन उतरवून उपसा चालू होता. एक जण कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला. दोघंही गेले. दुसरा माझ्या वर्गमित्राचा थोरला भाऊ होता. त्या दिवशी काठावर उभ्या असलेल्या सगळ्यांना एकच प्रश्न पडला होता, हवा तर आहे, वरून उघडी विहीर, मग गुदमरले कसे?

त्याचं उत्तर मला खाणीने दिलं. उघडं असणं म्हणजे हवा खेळती असणं नव्हे. थंडीत पहाटे विहिरीतून वाफ निघते ना, तेव्हा वरची गार, जड हवा खाली उतरत असते आणि आतली उबदार हवा वर येत असते. विहीर आपणच श्वास घेते. उन्हाळ्यात उलटं. वर तापलेली हलकी हवा, खाली गार जड हवा. दोघी आपापल्या जागी स्वस्थ. कार्बन डायऑक्साइड तर हवेच्या दीडपट जड. विहीर कोंडते ती नेमकी वैशाखात, आणि गाळ काढायला आपण उतरतो तेही वैशाखात.

आप्पा गप्प झाले. मग म्हणाले, “आठे तीस वरीस उतरनू मी.” तीस वर्षं मी इथे उतरलो. आवाजात राग नव्हता. त्यांचे वडील कडुनिंबाची डहाळी दोरीला बांधून तासभर खालीवर करायचे, हेही त्यांनीच आठवून सांगितलं. ती रीत अगदी खरी होती, हवा ढवळायची. ती कधी आणि का सुटली कोण जाणे.

तोवर मुलांनी ब्लोअर काठावर तिरका ठेवून सुरू केला. मोठा आवाज, धूळ उडाली, सगळ्यांना वाटलं झालं काम. मी तोंडाशी ॲनिमोमीटर धरला. सेकंदाला 7 मीटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 30 घनमीटर. विहिरीत साधारण 500 घनमीटर हवा. कागदावर सतरा मिनिटांत सगळी बदलायला हवी. वीस मिनिटांनी तळाशी 17.9.

मग काकूकडून उदबत्तीचा पुडा आणला. पाच-सहा काड्या जुडी करून दोरीला बांधल्या आणि सावकाश सोडल्या. काठावर सगळे वाकलेले. दहा फुटांपर्यंत धूर वेड्यासारखा गरगरत होता, समोरच्या दगडी कडेवर आपटून वर परतत होता. पंधरा फुटांवर तो मंदावला. पंचवीस फुटांवर धुराची रेघ हातभर सरळ वर गेली आणि तिथे पातळ चादरीसारखी आडवी पसरून राहिली. हलेना. दीपनगरच्या धुराड्यांवर पाहिलं होतं तेच. खालच्या पस्तीस फुटांना ब्लोअरचा पत्ताच नव्हता.

“आते दिसनं,” म्होरक्या म्हणाला. आता दिसलं.

दोन्ही नळ्या जोडून ब्लोअरच्या तोंडाला आवळल्या आणि मोकळं टोक तळापासून दहा फुटांवर नेलं. तोच ब्लोअर, जवळपास तेवढीच हवा. दहा मिनिटांत 19.4. पंचवीस मिनिटांत 20.6, कार्बन डायऑक्साइड 0.3. मीटर गप्प झाला. तरी म्होरक्याला कमरेला दोर, दोराचं टोक यारीला, मीटर छातीला आणि ब्लोअर चालूच, असं करूनच उतरवलं. इंजिन काठापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

दहाच्या सुमारास चहासाठी माणसं वर घेतली आणि ब्लोअर बंद केला. मीटर तळाशीच लटकत ठेवला होता. वाटलं, एवढी हवा बदललीय, तासभर तरी टिकेल. चहा संपायच्या आत तो 19.7 वर आला. गाळातून इतक्या लवकर? मी मीटर ओढून विहिरीच्या पूर्वेच्या कडेला नेला, तिथे सुरुंगाने खडक सुटून एक कपार झाली आहे, माणूस वाकून आत बसेल एवढी. कपारीच्या तोंडाशी 18.4.

विहिरीच्या मध्यातली हवा बदलली होती, कपारीतली नव्हती. ती जुनी हवा आता हळूहळू बाहेर येत होती, थोडी पण नक्की.

मी कपबशी तशीच ठेवून घरात गेलो आणि आलेख काढला. शेपटी! खाणीत वायूचा लोंढा पुढे जाताना थोडा एखाद्या कोंडलेल्या जागेत शिरला असणार. लोंढा निघून गेला, शिखर उतरलं, आणि मग ती जागा आत घेतलेला वायू दीड तास थेंबाथेंबाने परत देत राहिली. फुटकी स्टॉपिंग असती तर वायू लवकर आला असता. हा उशिरा येत होता, म्हणजे तो वाटेत कुठेतरी थांबला होता. त्या बाजूला अशी जागा एकच आठवते, काम संपलेली एक जुनी गल्ली, तोंड उघडं, शेवट बंद. मुख्य हवा तिच्या दारावरून जाते, आत जात नाही. सावद्याचा मागचा कोपरा तसाच आणि ही कपारही तशीच. आणि अशा गल्लीच्या छताला मिथेन साठतो.

ओव्हरमनला, म्हणजे खाणीतल्या पाळीवर देखरेख करणाऱ्याला, फोन लावला. दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पाळीत त्या गल्लीच्या तोंडाशी स्मोक ट्यूब, म्हणजे धूर सोडणारी छोटी नळी, फोडून धूर कुठे जातो ते पाहायचं, मिथेन छताला लागून मोजायचा, आणि तोवर आत कुणी जायचं नाही. त्याने सगळं दोनदा म्हणून दाखवलं.

नळीचं टोक कपारीकडे वळवून पुन्हा ब्लोअर लावला. संध्याकाळपर्यंत गाळ निघाला, पूर्वेच्या अंगाने पाण्याची बारीक धार फुटली. आप्पा पाण्यापेक्षा जास्त वेळ नळीकडेच पाहत होते. रात्री शेवभाजी खाताना त्यांनी विचारलं, असा मीटर केवढ्याला मिळतो. ग्रामपंचायतीने एक घेतला तर आजूबाजूची चार गावं वापरतील, यावर बराच वेळ बोलणं झालं. तोवर माझा मीटर त्यांच्याकडेच ठेवायचा ठरला.

दिवस पाचवा : परतीची गाडी

अमळनेर स्टेशनवर फोन आला. गल्लीच्या तोंडाशी स्मोक ट्यूबचा धूर आत चार पावलं जातो, गोल फिरतो आणि बाहेर येतो. त्यापुढे हालचाल नाही. छताला मिथेन 0.9 टक्के. सव्वा टक्क्याच्या मर्यादेच्या आत, पण तिथे तो आमच्या वहीत आजवर नोंदलेलाच नव्हता, कारण तिथे कुणी मोजायला जात नव्हतं. मॅनेजरसाहेबांच्या परवानगीने ब्रॅटिसचा पडदा दुपारपर्यंत लागेल, हवेची धार आत वळवायची.

पडदा लागला म्हणजे हवा पोचली असं मी धरणार नाही. पुढच्या चाचणीत दोन खुणा हव्यात. इनटेकमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड आणि त्या गल्लीच्या बंद टोकाला परफ्लुरोमिथाइलसायक्लोहेक्झेन. हा साध्या तापमानाला द्रव असतो. छोट्या धातूच्या नळीत भरून सिलिकॉनचं बूच लावलं की बुचातून ठरावीक वेगाने झिरपत राहतो. दोन्ही वायू एकाच कुपीत आले तरी क्रोमॅटोग्राफ त्यांना वेगळं करतो, म्हणजे कुठली हवा कुठून आली ते सांगता येईल.

जळगाव येईपर्यंत कुप्या कुठे धरायच्या त्या जागा आलेखाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढल्या. या वेळी सत्तर पुरणार नाहीत, शंभर लागतील. भुसावळला गाडी बदलायच्या आत मागणी लिहून पाठवली.